कडीची बाजू

ते फोन आधी पालथे ठेवा बघू. गोष्ट ऐकायची तर नीट ऐका, नाहीतर मला झोप प्यारी आहे. आणि मध्येच "काका, हे खरं का?" असं कोणी विचारायचं नाही. ज्याच्या घरी हे घडलं तो माझा तीस वर्षांचा सोबती. ज्या दारामुळे घडलं त्याला पॉलिश मी केलंय, ह्याच दोन हातांनी. आता ह्या वयात थापा मारून मला काय बक्षीस मिळणार आहे?

सोबती म्हणजे सुतार. जीभ अशी धारदार की बोलता बोलता माणसाची साल काढायचा, म्हणून आम्ही त्याला रंधा म्हणायचो. पुढे सगळेच म्हणायला लागले. पुढच्या बाजूला त्याचा कारखाना, मागे घर. कारखान्यातून आत गेलं की मधली खोली. तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला नवरा-बायकोची खोली आणि समोर मुलीची खोली, नवीनच बांधलेली. मुलगी आठ वर्षांची. बायको शाळेच्या ऑफिसात कामाला. आणि घरातला चौथा मेंबर भुशा.

भुशा म्हणजे कुत्रा. रंग लाकडाच्या भुशाचा, झोपायची जागाही कारखान्यातला भुशाचा ढीग, तेव्हा दुसरं नाव कोण शोधत बसणार? गरीब इतका की मांजरीने त्याच्या ताटलीत तोंड घातलं तर हा बाजूला होऊन तिचं आटपायची वाट बघायचा. गिऱ्हाईक आलं की शेपटी, पोस्टमन आला की शेपटी. रंधा त्याला म्हणायचा, "अरे, तू कुत्रा आहेस की स्वागत समिती?"

तर एका शनिवारी रंधा बिजागऱ्या आणायला निघाला. एवढंच काम होतं. मुलीच्या खोलीला अजून दार नव्हतं, नुसता पडदा. सुताराच्याच घरात दाराऐवजी पडदा म्हणून बायको उठता-बसता टोमणे मारायची. रंधा ह्या वेळी म्हणाला, निदान बिजागऱ्या तरी आणतो, म्हणजे तुझं तोंड अर्धं बंद होईल. भंगारवाल्याच्या वखारीत जुन्या पितळी बिजागऱ्या मिळायच्या. तिकडे गेला बिजागऱ्यांना आणि गाडीत घालून आणलं अख्खं दार.

दार होतंच तसं. एकाच झडपेचं, जुनं सागवान, चार बोटं जाड, कुठे कीड नाही की चीर नाही. कुठलंसं घर पाडलं होतं, त्यातून आलेलं. रंध्याने ते कारखान्यात दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं आणि मला बोलावलं. आपण पेपर वाचतो तसा तो दार वाचायचा. एका बाजूला स्क्रूची भोकं होती, वर, मध्ये आणि खाली. म्हणजे तीन कड्या. दुसऱ्या बाजूला ओरखडे, कमरेच्या खाली, खोल.

"बघ," रंधा मला म्हणाला, "कडी असते ती आतली बाजू. आत भित्री माणसं राहत होती, तीन-तीन कड्या लावून झोपायची. आणि बाहेर त्यांचं कुत्रं. रात्री आत घ्या म्हणून बिचारं नखांनी खरवडायचं."

"आणि ही आपली कानात बोळे घालून घोरत पडायची," मी म्हणालो. दोघेही हसलो.

कुठल्याही सुताराने हेच म्हटलं असतं. कडीची बाजू आत. हे काय कोणी शिकवावं लागतं? रंध्याने ओरखड्यांवरून रंधा मारला, उरलेल्या खाचांत मी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, दोन हात पॉलिशचे दिले. कड्यांची जुनी भोकं बुजवली आणि आतल्या बाजूने एकच नवी कडी लावली, मुलीचा हात पोचेल अशी. खोली लहान, म्हणून दार बाहेर उघडणारं ठेवलं, मधल्या खोलीत. रविवारी संध्याकाळी दार बसलं. मुलगी इतकी खूश की दहा वेळा कडी लावून दहा वेळा काढली.

त्याच रात्री भुशा भुशाच्या ढिगावरून उठला, मधल्या खोलीत आला आणि मुलीच्या दाराशी बसला. हाका मारल्या तरी हलेना. आधी सगळ्यांना गंमत वाटली. "नवीन दाराचा वॉचमन," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताटलीतलं दूध तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी शेपटी हलायची बंद झाली. दिवसा हा कुठेतरी कोपऱ्यात पडून राहायचा, हात लावला तर अंग चोरायचा. आणि अंधार पडला की दाराशी. पाठीवरचे केस उभे, हिरड्या दिसतायत, घशातून एकसारखी गुरगुर. मुलीच्या अंगावर पांघरूण घालायला आई निघाली तर तिच्यावर धावला. रंध्याने दरडावलं तर त्याच्यावर दात काढले. ज्याच्या हातून सहा वर्षं खाल्लं त्याच्यावर! रंध्याला ते फार लागलं.

आठवडा गेला आणि मेहुणा आला, बायकोचा धाकटा भाऊ. सोमवारचा मुक्काम. त्याची गादी मधल्या खोलीत घातली. रात्री दोननंतर तो पाणी प्यायला उठला. दाराजवळ जायची त्याला गरजच नव्हती, फक्त समोरून जात होता. भुशाने झेप घातली ती थेट हातावर. नऊ टाके पडले.

"मी नुसता पाणी प्यायला उठलो होतो हो, दाजी!" मेहुणा दवाखान्यात कण्हत होता. "आणि एक सांगू? तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे बघत होता. मी आपला मध्ये आलो."

पण नऊ टाके पडलेल्या माणसाचं बोलणं कोण मनावर घेतं? मेहुण्याला सुया सुरू झाल्या आणि भुशाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शहाणा माणूस. म्हणाले, "कुत्रं एकाएकी बदललं तर त्याला वाईट म्हणायच्या आधी दुखतंय कुठे ते बघावं." कान बघितले, दात बघितले, पोट दाबलं, पाय ताणले, रक्त तपासलं. काही नाही. "दहा दिवस बांधून ठेवा," ते म्हणाले. "पिसाळलेला असेल तर दहा दिवस काढणार नाही."

कारखान्यात साखळीने बांधला. रोज रात्री ओढून ओढून मान सोलवटून घ्यायचा. शेजारी म्हणायला लागले, सोडून द्या लांब कुठेतरी. एकाने तर विषाचंही सुचवलं. रंधा त्याला म्हणाला, "तू आधी चाखून दाखव, मग मी कुत्र्याला घालतो." तेव्हापासून ते दोघे बोलत नाहीत.

आता तारीख नीट ऐका. तेरा फेब्रुवारी, गुरुवार. दहा दिवस संपले. भुशा जिवंत. संध्याकाळी डॉक्टर घरी आले, पुन्हा तपासलं, आणि हात धुऊन म्हणाले, "पिसाळलेला नाही. काही दुखतही नाही. पण कारण सापडत नाही तोच कुत्रा जास्त धोक्याचा. घरात आठ वर्षांची मुलगी आहे. माझं ऐका, उद्या सकाळी नऊला येतो. एक इंजेक्शन. त्याला कळणारही नाही."

बायको रडत होती, पण तिने होकारार्थी मान हलवली. रंधा म्हणाला, "नाही."

"अहो, पण..." डॉक्टर म्हणाले.

"नाही म्हटलं ना. रोग नाही, दुखणं नाही, तरी मारायचा? उद्या मी चिडलो तर मलाही टोचणार आहात का?"

"तुमचा कुत्रा आहे," बायको म्हणाली. "माझी मुलगी आहे."

"मुलगी माझीही आहे."

"मग बाप व्हा ना तिचा!"

तिचं काही चुकत नव्हतं. डॉक्टर नऊची वेळ पुन्हा सांगून गेले.

सगळे जेवायला बसले. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, भुशाला मारू नका ना. तो रात्री माझं दार खरवडतो, तर मी त्याला ओरडते. आता नाही ओरडणार. खरंच."

"कधी खरवडतो?" रंध्याने विचारलं.

"रोजच. कालपण."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. काल भुशा कारखान्यात होता, साखळीला. परवाही. दहा दिवस.

"कसं खरवडतो गं?"

मुलीने नखं टेबलाच्या कडेवर ठेवली आणि वरून खाली ओढली. हळू. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मग थांबली. "असं. मग थांबतो. मग परत."

रंधा तसाच उष्ट्या हाताने उठला. हात धुतला, चपला अडकवल्या आणि वखारीकडे निघाला. भंगारवाला शटर ओढत होता.

"ते दार कुठून आलं होतं?"

"सांगितलं होतं ना, घर पाडलं त्यातून. मागच्या अंगाची खोली होती. मीच काढलं की. नुसत्या कड्या काढायलाच अर्धा दिवस गेला, गंजून बसलेल्या. तीन होत्या, तिन्ही बाहेरून."

"आतून म्हणायचंय तुला."

"अहो, बाहेरून! मला आत-बाहेर कळत नाही का? आत काय होतं? खिडकीसुद्धा नव्हती. आत काहीच नव्हतं."

रंधा तिथेच उभा राहिला. कडीची बाजू आतली, असं धरून त्याने दार बसवलं होतं. पण ह्या दाराची कडीची बाजू बाहेरची होती. म्हणजे ओरखडे आतले. कोणी आत घ्या म्हणून ओढले नव्हते. बाहेर काढा म्हणून ओढले होते. आणि त्याने स्वतःच्या हाताने ती आतली बाजू आणून आपल्या मधल्या खोलीकडे तोंड करून लावली होती. जे कोंडलेलं होतं ते आता मधल्या खोलीत होतं. आणि त्याला पलीकडे जायचं होतं. पलीकडे कोण होतं? त्याची मुलगी.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. "कुत्रा वाचवायला ह्या थराला गेलात?" ती एवढंच म्हणाली. "त्याची साखळी सोडायची नाही. पोरीने कडी लावलीय आतून." आणि खोलीत जाऊन पडली.

तिने सांगितलं आणि ह्याने ऐकलं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. अकरा वाजता रंध्याने साखळी सोडली.

भुशा त्याच्याकडे न बघता आत गेला. मुलीच्या दाराशी बसला. रंधा समोर स्टूल टाकून बसला. मांडीवर पेचकस, पायाशी हातोडी, कोपऱ्यात रात्री लावायचा लहान दिवा. म्हणाला, "उद्या नऊपर्यंत हा माझा कुत्रा आहे. बघू काय बघतो ते."

बारा वाजले. एक वाजला. बायकोच्या खोलीतून कूस बदलल्याचा आवाज येत होता, म्हणजे तिच्याही डोळ्याला डोळा नव्हता. रंधा भुशाकडे बघत होता आणि जे इतके दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते त्याला आत्ता दिसलं. दाराच्या पलीकडे काही असेल तर कुत्रा दाराकडे तोंड करून बसतो. भुशा पाठ करून बसला होता. पाठ दाराला टेकवून. तोंड खोलीकडे. तो मुलीच्या खोलीवर गुरगुरत नव्हता कधी. तो मधल्या खोलीवर गुरगुरत होता.

एक चाळीसला भुशा उठला.

केस उभे राहिले. हिरड्या दिसल्या. गुरगुर सुरू झाली. रंध्याने ठरवलं होतं, दाराचं पान उतरवायचं आणि उलटं करून लावायचं, कडीची बाजू बाहेर. चूक झाली, दुरुस्त करू. पेचकस घेऊन तो उठला. एक पाऊल टाकलं. भुशाने त्याच्यावर दात काढले.

त्याच्यावर?

नाही... भुशा त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्याच्या बाजूला बघत होता. खाली. कमरेच्या उंचीला.

रंधा हलला नाही.

काहीतरी बाजूने गेलं. वारा नाही. आवाज नाही. नुसतं... गेलं. त्याच्या डाव्या पायावरचे केस ताठ झाले, एवढंच.

भुशा हवेत चावला. कटकन दातांवर दात आपटले. पुन्हा चावला.

आणि मग दारावर...

एक. दोन. तीन. चार.

थांबलं.

रंध्याला दार दिसत होतं. दाराशी भुशाशिवाय कोणी नव्हतं. आणि मी भरलेली लांबी पडत होती. कणाकणाने. भुशाच्या डोक्यावर, कानांवर. एकेक जुना ओरखडा उघडा पडत होता.

एक. दोन...

आतून मुलीचा झोपाळू आवाज आला. "भुशा, झोप ना रे."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते रंध्याला त्या रात्री कळलं. हे त्याने मला स्वतः सांगितलंय, लपवलं नाही. पळावं, बायकोला हाक मारावी, असं सगळं मनात आलं. आणि मग त्याने भुशाकडे पाहिलं. मान सोलवटलेली. अडीच आठवड्यांत बरगड्या वर आलेल्या. एकटा. ह्या घरात त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या, साखळीला बांधलं, उद्या मारणार होते. आणि तो आपला पाठ दाराला लावून उभा.

रंध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ए!" तो ओरडला. "माझ्या घरात उभं राहून मला घाबरवतोस? सुताराला? दाराची भीती? आयुष्य दारं लावण्यात गेलंय माझं!"

बायको आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने दाराकडे पाहिलं, पडणारी लांबी पाहिली आणि तोंडावर हात दाबला.

"अहो, पोरगी..."

"तू तिथेच थांब."

पान उलटं करायचा बेत त्याने सोडला. उलटं केलं तर हे पोरीबरोबर आत कोंडलं जाणार. आणि असंच ठेवलं तर उद्या भुशा नसणार आणि परवा पोरगी कधीतरी कडी लावायची विसरणार. मग? तो पुढे झाला. भुशा गुरगुरला.

"बाजूला हो भुशा. तुझं काम झालं. आता माझं."

कुत्रं काय समजलं देव जाणे, पण एक पाऊल सरकलं. रंध्याने हातोडी मारली. वरच्या बिजागरीची पिन उडाली. मधली. खालची. बिजागऱ्यांच्या बाजूने पान ओढलं, आतली कडी खाचेतून निसटली. दार उतरलं. समोर पोरगी, पांघरुणात, पाठमोरी, एवढ्या दणक्यातही गाढ झोपलेली. आणि मध्ये नुसती रिकामी चौकट. त्या क्षणाला भुशाने उडी मारली आणि चौकटीत उभा राहिला. चारही पाय रोवून.

रंध्याने दार मिठीत घेतलं. दोघांनी उचलायचं दार ते. ओरखड्यांची बाजू छातीशी.

चार पावलं गेला.

छातीशी... एक. दोन. तीन.

शर्टाची बटणं तुटली. त्याने दार सोडलं नाही. "ओरखड," म्हणाला, "किती ओरखडायचंय ते ओरखड. चल माझ्याबरोबर." मधली खोली ओलांडली. कारखाना ओलांडला. खांद्याने पुढचं दार ढकललं आणि अंगणात आला. थंडी होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अंगणाच्या मधोमध त्याने ते दार उभं केलं, दोन्ही हातांनी धरून. आजूबाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही. नुसतं उभं दार.

"आता बघ!" तो म्हणाला. घसा बसला होता. "आता ह्याला आत नाही आणि बाहेर नाही. कडीची बाजू नाही. ह्या बाजूने जा की त्या बाजूने जा. ज्याने कोंडलं त्याला जाऊन विचार, माझ्या पोरीच्या वाट्याला जाऊ नकोस. तुला बाहेर पडायचं होतं ना? पड! कोण अडवतंय?"

काही नाही.

दार हातात जड होतं. मग... हलकं झालं. लाकडाचं असतं तेवढंच.

भुशा बाहेर आला होता. पायरीवर उभा होता. गुरगुर थांबलेली. त्याने मान खाली घातली. कान मागे पडले. तसाच उभा राहिला, बराच वेळ, डोळे अर्धे मिटून... आणि शेपटी हलली. एकदा.

मग रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिला. उजाडेपर्यंत.

पाच वाजता मला रंध्याचा फोन. मी पोचलो तेव्हा दार अंगणात पडलेलं, रंध्याच्या छातीवर लाल रेघा आणि रंध्याच्या बायकोचा हात भुशाच्या पाठीवर. तीच म्हणाली, "मी टोचायला सांगितलं होतं ह्याला." आणि भुशाच्या गळ्यात पडून रडली. भुशाने आधी जरा इकडेतिकडे पाहिलं, आणि मग शांतपणे तिचा कान चाटला.

नऊच्या ठोक्याला डॉक्टर आले, बॅग घेऊन. रंधा पायरीवर बसला होता, भुशाला पायाशी घेऊन.

"डॉक्टर, चहा घ्या आणि जा. इंजेक्शन परत न्या."

"अहो, रात्रीत काय फरक पडणार आहे?"

"माझा कुत्रा आहे. तो आता चावला तर तुम्ही मला टोचा. लिहून देतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात बायकोही येऊन नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसली, भुशाच्या दुसऱ्या बाजूला. दोघांच्या मध्ये कुत्रा. मग डॉक्टर काय बोलणार?

त्यानंतर भुशा आठ वर्षं जगला, म्हातारा होऊन, भुशाच्या ढिगावरच गेला. पुन्हा कधी कोणावर गुरगुरला नाही. मेहुणा आला की त्याचीच शेपटी सगळ्यात जास्त हलायची. आणि दार? मी म्हणत होतो, जाळ. रंधा म्हणाला, "का? त्याचा काय गुन्हा?" त्याने ते आडवं टाकलं आणि खाली चार पाय ठोकून कामाचा ओटा केला. आजही त्यावरच लाकूड तासतो. म्हणतो, आडव्या दाराआड कोणाला कोंडता येत नाही.

हे सगळं तुम्ही सोडून द्या हवं तर. म्हणा, म्हातारा काहीही सांगतो. रंध्याला भास झाले म्हणा. पण एक गोष्ट मी पाहिलीय आणि डॉक्टरांनीही पाहिलीय. त्या सकाळी बॅग उचलून डॉक्टर निघाले आणि जाता जाता सवयीने वाकले, भुशाच्या डोक्यावरून हात फिरवायला. हात तसाच राहिला.

"ह्याला रंग कोणी लावला?"

भुशाच्या दोन कानांच्या मध्ये, डोक्यावरून मानेपर्यंत, केस पांढरे झाले होते. पहाटेपासून आम्ही ती लांबीची पूड समजत होतो. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा घेऊन घासलं. केस फाकवून बघितले. पांढरे, अगदी मुळापासून. आदल्या संध्याकाळी त्यांनीच ते डोकं हातात धरून तपासलं होतं, तेव्हा सगळं भुशाच्याच रंगाचं होतं. तो डाग नव्हता. हात होता. पंजा, बोटं पसरलेली, प्रेमाने डोकं थोपटावं तसा ठेवलेला.

तेवढ्यात मुलगी उठून आली, डोळे चोळत. आपलं दार कुठे गेलं हेसुद्धा तिने विचारलं नाही, धावत भुशाकडेच गेली. "अय्या, हे काय?" म्हणाली, आणि कोणी अडवायच्या आत तिने त्या पांढऱ्या पंजावर आपला पंजा ठेवला.

"बाबा, माझ्याएवढाच आहे!"

रंधा वाकला. मीही वाकलो. बोटावर बोट बसलं होतं, अगदी नखापर्यंत. अंगठ्यावर अंगठा बसला होता. आणि करंगळीच्या पलीकडे आणखी एक अंगठा होता.